इंग्लंडमधली तिशीच्या आतली गोल्फ मेंबरशिप: यंदाचा दर आणि पुढच्या पाच वर्षांचा हिशोब

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय २७, वाढदिवस ऑगस्टमध्ये, नोकरी आणि घर रीडिंग शहराजवळ. दोन वर्षं ग्रीन फी (मेंबर नसलेल्याने दर वेळी भरायचं शुल्क) भरून खेळताय, वर्षाला साधारण १८ राउंड (एक राउंड म्हणजे अठरा होलचा पूर्ण खेळ), बहुतेक शनिवार-रविवारी, राउंडला सरासरी ४५ पौंड. आता तीन दर हातात आहेत. पहिल्या क्लबची पूर्ण मेंबरशिप १,५६० पौंड, तुमच्या वयाला १,०१४, तिशीपासून पस्तिशीपर्यंत १,२४८. जॉइनिंग फी १,००० पौंड, पण ती पस्तिशीला, आणि त्याआधी सलग पाच वर्षं मेंबर असाल तर माफ. दुसऱ्या क्लबची पूर्ण मेंबरशिप १,४८०, तिशीच्या आत फक्त ५९२, आणि तिशी गाठली की थेट पूर्ण दर अधिक ७५० जॉइनिंग फी. तिसरी पॉइंट्सची योजना, ३९९ पौंडात १०० पॉइंट्स, जे प्रत्येक राउंडला थोडे थोडे वापरले जातात. दोन्ही क्लबांचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. तुम्ही विचारलंय की दुसरा क्लब उघडच स्वस्त आहे, तर घेऊन टाकू का.

इंग्लंडमधल्या क्लबच्या ऑफिसात मेंबरशिपचंच काम बघत असल्यामुळे हे गणित रोजचं आहे. तुमच्यापुढचा खरा प्रश्न ५९२ की १,०१४ हा नाही. तुम्ही या भागात किती वर्षं राहणार, आणि तिशीच्या वाढदिवसानंतरच्या पहिल्या एप्रिलला तुमच्या हातात किती रकमेचं बिल पडणार, हा आहे. यातलं पहिलं उत्तर फक्त तुमच्याकडे आहे. दुसरं आपण काढू शकतो.

आधी क्लब ही सवलत का देतात ते बघू, कारण ते कळलं की अटी कुठे लपलेल्या असतात तेही कळतं. कोर्स सांभाळायचा खर्च, म्हणजे ग्रीनकीपरचे पगार, गवत कापायची यंत्रं, पाणी, वाळू, खत, मेंबर ५०० असोत की ५२०, जवळपास तेवढाच राहतो. त्यामुळे रिकाम्या जागेवर आलेला ५९२ पौंडांचा मेंबरही क्लबला हवाच असतो. शिवाय मुलं अठरापर्यंत आईवडिलांबरोबर खेळतात, मग युनिव्हर्सिटी, नोकरी, घराचं कर्ज, लहान मूल या सगळ्यात खेळ सुटतो आणि बरेच जण चाळिशीतच परत येतात. ही मधली गळती थांबवायला वयानुसार पायऱ्या आल्या. त्या गटाला बहुतेक क्लब ‘इंटरमिजिएट’ म्हणतात.

अडचण होते ती शनिवारी सकाळी. दर दहा मिनिटांनी चौघे सोडले तर तासाला २४ खेळाडू, म्हणजे आठ ते अकरा या वेळेत फक्त ७२ जागा. पूर्ण पैसे भरणाऱ्याला तिथे जागा मिळाली नाही की तक्रार कमिटीकडे येते, आणि मग सवलतीच्या गटावर बंधनं येतात: शनिवारी अकरानंतरच, किंवा स्पर्धेच्या दिवशी दुपारीच, किंवा बुकिंग सात दिवसांऐवजी तीन दिवस आधी. तुम्ही शनिवार-रविवारी खेळणारे आहात, त्यामुळे ५९२ पौंडांत सकाळचा टी टाइम (खेळ सुरू करायची राखीव वेळ) मिळतो की नाही हे पैसे भरायच्या आधी लेखी विचारा. माहितीपत्रकावर ‘सातही दिवस’ लिहिलेलं असतं. वेळेची बंधनं क्लबच्या नियमावलीत असतात.

वयावरून वेगळा दर घेणं कायद्यात बसतं का, हेही तुम्ही विचारलंय. बसतं. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यातली वयाबद्दलची तरतूद सेवा आणि क्लबांना १ ऑक्टोबर २०१२ पासून लागू झाली, पण वयानुसार सवलत द्यायला त्यात मुभा ठेवलेली आहे.

आता हिशोब. दरवाढ दोन्हीकडे होणारच, म्हणून ती बाजूला ठेवून आजच्याच दरांनी मोजतो. येत्या १ एप्रिलला तुम्ही २७ चे, पुढच्यांना २८ आणि २९ चे, आणि चौथ्या एप्रिलला ३० चे असाल. म्हणजे तीन वर्षं खालचा दर, चौथ्यापासून वरचा.

तीन वर्षांसाठी पहिल्या क्लबचे ३,०४२ पौंड होतात, दुसऱ्याचे १,७७६. तब्बल १,२६६ पौंडांचा फरक, आणि तुम्हाला दिसतोय तो हाच. पाच वर्षांचं बघा: पहिल्याकडे ३,०४२ अधिक दोनदा १,२४८, एकूण ५,५३८. दुसऱ्याकडे १,७७६ अधिक दोनदा १,४८० अधिक ७५०, एकूण ५,४८६. फरक उरला ५२ पौंड. आणि चौतिशीपर्यंतची आठ वर्षं धरली तर पहिला ९,२८२ आणि दुसरा ९,९२६. आता पहिलाच ६४४ पौंडांनी स्वस्त.

एकूण रकमेपेक्षा जास्त दुखते ती चौथ्या वर्षाची उडी. दुसऱ्या क्लबात तुम्ही ५९२ भरायची सवय लावून घेतलेली असते आणि एका एप्रिलला २,२३० पौंडांचं बिल येतं. बहुतेक जण नेमके याच टप्प्यावर क्लब सोडतात. पहिल्या क्लबने ६५ टक्के, ८० टक्के अशा पायऱ्या ठेवल्यात त्या याच कारणासाठी.

पण तुमच्या आकड्यांमध्ये एक तिसरी वाटही आहे. दुसऱ्या क्लबात तीन वर्षं काढा आणि तिशीला पहिल्या क्लबात जा. पाच वर्षांचे होतात १,७७६ अधिक २,४९६, म्हणजे ४,२७२. आठ वर्षांचे ८,०१६. दोन्ही हिशोबांत सगळ्यात कमी. आणि तिशी ते पस्तिशी अशी सलग पाच वर्षं भरल्यामुळे १,००० पौंडांची जॉइनिंग फीही माफीत बसते. यात धोका दोन गोष्टींचा. एक, तीन वर्षांनी त्या क्लबने हा गट नव्या लोकांसाठी बंद केलेला असू शकतो. इंग्लंडमधले कोर्स १३ मे २०२० ला पुन्हा उघडले त्यानंतर खेळणाऱ्यांची इतकी गर्दी झाली की अनेक क्लबांनी सवलती आवरल्या, काहींनी बंद केलेली जॉइनिंग फी परत आणली. दुसरं, वेटिंग लिस्ट. म्हणून पहिल्या क्लबच्या सेक्रेटरीला आताच विचारून ठेवा की ३० ते ३४ च्या गटात बाहेरून नवे मेंबर घेता का आणि गटाला संख्येची मर्यादा आहे का. वेटिंग लिस्टमध्ये नाव घालणं फुकट असेल तर घालून टाका.

वय कोणत्या तारखेला मोजतात यावर या सगळ्या गणिताचा डोलारा उभा आहे. बहुतेक क्लब वर्षाच्या पहिल्या दिवशीचं वय धरतात आणि वर वापरलेला हिशोब तसाच आहे. काही क्लब मात्र ‘त्या वर्षात जे वय पूर्ण होईल ते’ धरतात. तसं असेल तर तुमचा ऑगस्ट तुमच्या विरोधात जातो: तिसऱ्या वर्षातच तुम्ही ३० चे धरले जाता, दुसऱ्या क्लबात त्या वर्षी ८८८ पौंड जास्त लागतात आणि जॉइनिंग फी एक वर्ष आधी येते. त्याहून वाईट म्हणजे वाढदिवसाच्या महिन्यापासून उरलेल्या महिन्यांचा फरक मागणारे क्लबही आहेत. ‘तिशीच्या आत’ या शब्दांवर विसंबू नका. ईमेलमध्ये जन्मतारीख घाला आणि ‘कोणत्या तारखेपासून मला कोणता दर लागेल’ हे त्यांच्याकडून लिहून घ्या.

मेंबरशिप परवडते का, हे राउंडवर ठरतं. ४५ पौंड ग्रीन फी धरली तर ५९२ वसूल व्हायला १४ राउंड लागतात, १,०१४ ला २३ आणि १,४८० ला ३३. तुम्ही १८ खेळता. म्हणजे आजच्या सवयीने दुसऱ्या क्लबात राउंड ३३ पौंडांना पडेल, पहिल्यात ५६ ला. मेंबर झाल्यावर खेळ वाढतो, हे खरं. जूनमध्ये रीडिंगला सूर्य सव्वानऊच्या पुढे मावळतो, सहाला ऑफिस सुटलं तरी नऊ होल आरामात होतात, आणि ग्रीन फी भरणारा माणूस नऊ होलसाठी सहसा जात नाही. पण हे वाढीव राउंड घरापासून कोर्स वीस मिनिटांच्या आत असेल तरच होतात. चाळीस मिनिटं गाडी चालवायची असेल तर संध्याकाळचे राउंड हिशोबातून काढूनच टाका.

पॉइंट्सच्या योजनेत तुम्ही पाठवलेल्या तक्त्याप्रमाणे कामाच्या दिवशी एका राउंडला ६ पॉइंट्स जातात आणि शनिवार-रविवारी सकाळी १२. म्हणजे १०० पॉइंट्समध्ये वीकेंडचे आठ राउंड, एक राउंड जवळपास ५० पौंडांना. तुमच्या ग्रीन फीपेक्षा महाग. तेच पॉइंट्स मंगळवारी दुपारी वापरणाऱ्याला राउंड २५ ला पडतो. शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांसाठी ही योजना चांगली, तुमच्यासाठी नाही. वर्षअखेर उरलेले पॉइंट्स पुढे जातात की बुडतात, हेही योजनेगणिक बदलतं.

सांगितलेल्या दरावर काय काय चढतं ते आता. इंग्लंड गोल्फ (तिथली गोल्फची राष्ट्रीय संस्था) आणि काउंटीची वार्षिक वर्गणी दहा-वीस पौंडांची, काही ठिकाणी दरात धरलेली, काही ठिकाणी वेगळी. बारचं आगाऊ कार्ड: वर्षाच्या सुरुवातीला ठरावीक रक्कम भरायची आणि ती क्लबच्याच खाण्यापिण्यात संपवायची, तुम्ही तिथे जेवत नसाल तर तो सरळ खर्च धरा. लॉकर, स्पर्धेची प्रवेश फी, हिवाळ्यात बॅगेच्या ट्रॉलीला लागणारी खास चाकं, या किरकोळ गोष्टी.

किरकोळ नसलेली गोष्ट म्हणजे हप्ते. महिन्याला भरायची सोय बरेच क्लब बाहेरच्या फायनान्स कंपनीमार्फत देतात. ती सरळ ८ टक्के लावते असं धरलं तर १,०१४ वर ८१ पौंड होतात. रक्कम दर महिन्याला फिटत जाते, त्यामुळे खरा वार्षिक व्याजदर जवळजवळ दुप्पट पडतो. आणि हे कर्ज आहे. सप्टेंबरमध्ये नोकरी बदलून मँचेस्टरला गेलात आणि बँकेत डायरेक्ट डेबिट बंद केलं, तरी उरलेले हप्ते देणं लागतंच. क्लबला पूर्ण पैसे आधीच मिळालेले असतात, कंपनी तुमच्या मागे लागते आणि क्रेडिट रेकॉर्ड खराब होतं. व्हिसावर असलेल्या माणसाला घर भाड्याने घेताना किंवा कर्ज काढताना ते नडतं. रक्कम एकदम भरणं शक्य असेल तर तसंच करा. काही क्लब स्वतःच बिनव्याजी चार हप्ते देतात, पण ते विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

राजीनाम्याची मुदतही नियमावलीत बघा. वर्ष १ एप्रिलला सुरू होत असेल तर सूचना साधारण फेब्रुवारी किंवा मार्चअखेरपर्यंत लेखी द्यावी लागते. ती चुकली तर पुढच्या वर्षाची वर्गणी मागायचा हक्क क्लबकडे राहतो. व्हिसा, बदली, गुडघ्याचं ऑपरेशन अशा कारणांसाठी मेंबरशिप गोठवता येते का, तेव्हा किती पैसे लागतात आणि परत आल्यावर जॉइनिंग फी पुन्हा लागते का, हे तीन प्रश्न तुमच्या परिस्थितीत महत्त्वाचे आहेत.

क्लब कोणाच्या मालकीचा आहे याने तुमचा आजचा दर बदलत नाही, पण जोखीम बदलते. मेंबरांच्या मालकीचा, नफा न वाटणारा क्लब असेल तर वर्गणीवर व्हॅट लागत नाही. खासगी मालकाचा असेल तर तुम्ही भरता त्यात २० टक्के व्हॅट धरलेला असतो. म्हणजे सारख्याच रकमेतून कोर्सवर खर्च करायला मेंबरांच्या क्लबकडे जास्त पैसे उरतात. मात्र क्लबहाउसचं छप्पर गळायला लागलं तर तोच क्लब सभा घेऊन प्रत्येक मेंबरवर जादा आकारणी लावू शकतो. पूर्वी अशी आकारणी झाली होती का आणि सवलतीच्या गटाला ती पूर्ण लागते की प्रमाणात, हे विचारा. खासगी मालक अशी आकारणी सहसा करत नाही, पण जमीन विकायचा निर्णय त्याच्या एकट्याचा असतो.

एक कमी माहीत असलेला धागा: क्लब जर सामुदायिक हौशी क्रीडा क्लब म्हणून करखात्याकडे नोंदलेला असेल, तर मेंबरशिपचा वर्षाचा खर्च १,६१२ पौंडांच्या वर जाता कामा नये, आणि तो ५२० च्या वर असेल तर ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी काहीतरी सोय ठेवावी लागते. ती सोय जाहिरातीत ठळक नसते. शिकणाऱ्यांनी किंवा नोकरी गेलेल्यांनी अशा क्लबात जरूर विचारावं.

दर तुलनेला ठेवताना जमीनही तुलनेला ठेवा. रीडिंगच्या उत्तरेला चिल्टर्न टेकड्यांच्या बाजूला चुनखडीची जमीन आहे, पाणी लवकर मुरतं, जानेवारीतही खेळता येतं. बर्कशायर-सरेच्या हीथलँड (झुडपी माळरानाच्या) पट्ट्यात वाळू आहे, तिथे तर हिवाळी गोल्फ उत्तम. पण दरही त्याच मानाने चढे. चिकणमातीवरचे कोर्स डिसेंबर ते फेब्रुवारी अनेक दिवस बंद राहतात, किंवा ट्रॉलीला बंदी, किंवा फेअरवेवर, म्हणजे मधल्या गवताच्या पट्टीवर, आखलेल्या तात्पुरत्या ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) खेळावं लागतं. बारा महिन्यांचे पैसे भरून नऊ महिने खेळलात तर वरचा राउंडचा हिशोब बिघडतो. गेल्या हिवाळ्यात मुख्य ग्रीन किती दिवस बंद होते, हे प्रो-शॉपमध्ये, म्हणजे क्लबच्या गोल्फ दुकानात, विचारा. आणि एकदा तरी पावसाळी आठवड्यानंतर जाऊन कोर्स बघून या.

तुम्ही पुण्याचे आहात म्हणून एक फरक सांगतो. पुण्या-मुंबईच्या जुन्या क्लबांत मेंबरशिप म्हणजे एकदाच भरायची मोठी प्रवेश फी, मग तुलनेने कमी वर्गणी, आणि ते नातं जन्मभराचं. त्यामुळे ‘एकदा आत शिरलं की सुटलो’ अशी धारणा आपल्याकडून सहज होते. इंग्लंडच्या साध्या क्लबात तुम्ही बारा महिन्यांचा खेळ विकत घेता, बाकी काही नाही. जॉइनिंग फी परत मिळत नाही, विकता येत नाही. भारतात परतलात तर सोबत येतो तो फक्त हँडिकॅप (खेळाडूची पातळी दाखवणारा अधिकृत आकडा), कारण जागतिक हँडिकॅप पद्धत तिकडेही तीच आहे.

हँडिकॅप मिळावा म्हणूनच मेंबरशिप हवी असेल तर थांबा. इंग्लंड गोल्फची आयगोल्फ योजना २०२१ पासून आहे, वर्षाला साधारण चाळीस-पन्नास पौंडांत. क्लबचं मेंबर नसलेल्या अठरा वर्षांवरच्या खेळाडूला तिच्यातून अधिकृत हँडिकॅप मिळतो, आणि तुमच्या शॉटने कोणाला इजा झाली तर त्याचा विमाही. सुरुवातीला एकूण ५४ होलचे स्कोअर द्यायचे, नऊ किंवा अठराच्या कोणत्याही जुळणीत. पुढे शेवटच्या २० राउंडांतल्या सर्वोत्तम ८ ची सरासरी चालत राहते. क्लबच्या अंतर्गत स्पर्धा यातून खेळता येत नाहीत.

आता तुमच्यासाठी माझं मत. पुढची तीन वर्षं या भागात राहणं नक्की आणि शनिवारी सकाळचा टी टाइम लेखी मिळत असेल, तर दुसरा क्लब घ्या. पहिल्या क्लबच्या यादीत नाव ठेवा. एकोणतीस वर्षांचे असताना, राजीनाम्याच्या मुदतीच्या दोन-तीन महिने आधी, दुसऱ्या क्लबच्या सेक्रेटरीला भेटा आणि तिशीनंतर मधली पायरी आणणार आहात का ते विचारा. तोवर तुमच्याच वयाचे आणखी चार-पाच मेंबर तिथे असतील तर एकत्र पत्र द्या. पाच जण एकदम जाताना दिसले की कमिटी पायऱ्यांचा विचार नक्की करते. नाही म्हणाले तर मुदतीत राजीनामा देऊन पहिल्याकडे जा. इथे घर घेऊन स्थायिक व्हायचंच ठरलं असेल, वर्षाला तीसच्या आसपास राउंड होतील अशी खात्री असेल आणि पहिला क्लब ३० ते ३४ च्या गटात बाहेरचे लोक घेत नसेल, तर मात्र आजच पहिल्यात शिरणं जास्त शहाणपणाचं.

तूर्त राहू दे असं वाटत असेल तर एप्रिलपर्यंत आयगोल्फ घेऊन खेळा. घाई नाही, उलट ऑक्टोबर ते जानेवारीत चौकशी केलीत तर अनेक क्लब चालू वर्षाचे उरलेले महिने फुकट धरून त्यापुढचं पूर्ण वर्ष संपेपर्यंतची मेंबरशिप देतात. तेव्हा फक्त एवढं तपासा की त्या फुकट महिन्यांमुळे तुमचं सवलतीचं वर्ष मोजायला आधीच सुरुवात होत नाही ना. आणि क्लबात जाताना आयगोल्फचाच मेंबरशिप नंबर त्यांना द्या, नवा काढू देऊ नका, म्हणजे जुने स्कोअर तुमच्याच नावावर राहतील.